उजवा कौल

एका मुलीला डोंगराखाली, कराडच्या शाळेत पाठवायचं होतं. गोष्ट एवढीच होती. तिचा बाप तयार होता, आई तयार होती, वसतिगृहात जागा मिळाली होती, आणि मुलगी तर केव्हापासून दप्तर भरून बसली होती. तरी ती गेली नाही. का गेली नाही असं आज तिच्या वाडीवर कुणालाही विचारा, लोक माझ्याकडे बोट दाखवतात. ते ऐकून मला अजून राग येतो. म्हणून एकदा माझ्या बाजूनं सगळं सांगते.

मी मूळची आटपाडीकडची. आमच्या घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. तोवर घर आईच्या अंगावर. ती आठवड्याच्या बाजाराला घोंगड्या घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी. शाळेत शिकले त्यापेक्षा जास्त मी त्या पोत्यावर बसून शिकले. आई म्हणायची, "गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणू द्यायचं न्हाई. बघू म्हणलं की ते गेलं. 'घेतलं' म्हणायला लावायचं, आणि ते बी चार माणसांच्या देखत. मग ते माघारी फिरत न्हाई." पुढं डी.एड.ला असतानाही सुट्टीच्या दिवशी मी विट्याच्या बाजारात घोंगड्या विकल्या. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही आणि मी कुणाला काही स्वस्तात सोडलेलं नाही.

नोकरी लागली ती पाटणच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या एका धनगरवाड्यावर. एसटी जिथं थांबते तिथून पुढं पायवाट. वर मोजकी कौलारू घरं, त्यांच्याएवढेच मोठे गोठे, आणि म्हशी. पाऊस असा की त्या भागातल्या शाळांना सुट्टी उन्हाळ्याची नसते, पावसाळ्याची असते. मे महिन्यात खाली सगळ्या शाळांना कुलूप आणि आमच्या वर्गात पाढे चाललेले. मी येण्याआधी ते पाढेही भिंतीच ऐकत असाव्यात, कारण पोरं म्हशीमागं असायची.

पहिल्याच दिवशी एक बाप्या मला म्हणाला, "मेंढरामागनं आलीस आन्‌ म्हशीवाल्यांना शिकिवणार व्हय?"

मी म्हटलं, "मेंढरं निदान हाक मारली की वळतात. तुमच्या म्हशींचं आणि तुमचं मला अजून कळायचंय."

हसले सगळे. तिथून जमलं. मग मी घरोघर सौदे केले. म्हशी रानात लावून पोरगं दहाला पोचत नाही, तर शाळा अकराला भरेल. कुणी म्हणालं, आज एक पोर धाडतो, उद्या दुसरं. मी म्हटलं, दोन्ही धाडा आणि म्हशीमागं तुम्ही जा, नाहीतरी दिवसभर तंबाखूच मळताय. मी आवाज चढवला की कुत्रीसुद्धा गोठ्यात जायची, असं बायका म्हणायच्या. पण शाळा भरायला लागली.

आणि भरायला लागली तोच ती बंद करायचा विषय निघाला. पट कमी आहे, पोरं खालच्या गावच्या शाळेत घाला, गाडीची सोय करू, असं वरून आलं. गाडी कुठून येणार? रस्ता दोन टेकड्या अलीकडंच संपतो. पुढच्या रानात गवे असतात. लहान पोरं चार दिवस जातील, पाचव्या दिवशी परत म्हशीमागं दिसतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण गाडी म्हटल्यावर वाडीतल्या काही घरांना भुरळ पडली. "बघू, गाडी येतीय का," असं ते म्हणायला लागले. बघू म्हटलं की सौदा गेला, हे मी आईकडून शिकले होते.

वाडीवरच्या देवाची पूजा एका म्हाताऱ्याकडे होती. सगळे त्यांना आबा म्हणत. ज्या मुलीबद्दल मी लिहिते आहे तिचे ते आजोबा. वाडीत कुठलाही मोठा निर्णय देवाला कौल लावल्याशिवाय होत नसे. शेंदूर फासलेल्या दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून गप बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी आबांना म्हटलं, "शाळेचा कौल लावू या."

आबा म्हणाले, "लावू की. पर काय इचारायचं ते नीट बांधून द्या, बाई. अर्धं इचारलं तर देव अर्धंच देतो."

ते काम माझंच होतं. पळवाट राहिली तर गाडीच्या आशेनं दोन घरं फुटणार आणि दोन घरं फुटली की शाळा गेली. मी शब्द बांधून दिले. सकाळची वेळ होती, सगळी वाडी देवापुढं जमली होती. आबांनी पाकळ्या लावल्या आणि माझे शब्द जसेच्या तसे म्हटले: "देवा, ह्या वाडीचं पोर ह्या वाडीच्याच शाळंत शिकंल. दुसऱ्या शाळंत पाय ठेवणार न्हाई. मान्य आसंल तर उजवा दे."

बराच वेळ काही हललं नाही. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

शिक्षण खात्याचे साहेब वर आले तेव्हा घामानं निथळत होते. त्यांनी गाडीचं सांगितलं, मोठ्या शाळेचं सांगितलं, तिथल्या संगणकाचं सांगितलं. लोकांनी त्यांना ताक दिलं आणि म्हणाले, "समदं खरं हाय साहेब, पर देवाचा कौल झालाय."

"अहो बाई, हे काय कारण झालं का? वर काय लिहू मी?"

"पालकांचा ठाम विरोध, असं लिहा," मी म्हटलं. "खोटं नाही."

शाळा राहिली. पुढं कित्येक वर्षं शिक्षकांच्या बैठकीत मी ही हकीकत रंगवून सांगितली आहे. लोक टाळ्या द्यायचे. तो सौदा चुकला होता असं मी आजही म्हणणार नाही. त्या वर्षी शाळा गेली असती तर त्या मुलीनं अक्षरही पाहिलं नसतं.

ती मुलगी तेव्हा पहिलीत होती. केस कायम तेलकट, फ्रॉकला शेणाचा वास, आणि नजर अशी की आपण फळ्यावर चुकलो तर आपल्याआधी तिला कळावं. वर्गात ती माझ्याशी भांडायची. वजाबाकीत हातचा का घ्यायचा, कुणाकडून घ्यायचा, आणि घेतला तर परत कधी द्यायचा, हे तिला पटेपर्यंत सांगावं लागलं. पटलं की मग तीच ते लहान पोरांना सांगायची, माझ्यापेक्षा सोपं करून. मी घरात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, पण हिचं ऐकायचे. एकदा मी चिडून पट्टी टेबलावर आपटली तर म्हणाली, "बाई, आमच्या म्हशीला बी आसं मारलं तर ती दूध चोरती."

शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाल्यावर वाडीतली पोरं म्हशीमागं लागायची, आणि मोठी झाली की हॉटेलात कामाला जायची. मुली घरात. मला वाटत होतं, ही तशी राहणार नाही. मी कराडला जाऊन मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिकेला गाठलं.

"जागा नाही," त्या म्हणाल्या.

"मग त्या कोपऱ्यातल्या खाटेवर गाद्या कुणाच्या रचल्यात?"

"ती मोडकी आहे."

"सुतार मी आणते."

सुतार मी खरंच घेऊन गेले. खाट नीट झाली आणि जागा झाली. शेजारच्याच शाळेत पाचवीला प्रवेश ठरला. अट एकच, जूनच्या मध्यापर्यंत मुलगी हजर पाहिजे. त्यानंतर आमची पायवाट पावसानं तशीही बंद झाली असती. मी धावत वाडीवर आले. मुलीच्या आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. बापानं तालुक्याहून पत्र्याची पेटी आणली. मुलगी पेटी उघडायची, बंद करायची, त्या कडीचा आवाज गोठ्यापर्यंत जायचा.

आबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "बाई, ही न्हाई जायची."

मला वाटलं मुलगी म्हणून अडवतायत. मी पदर खोचला. "का? पोरगी आहे म्हणून?"

"पोरगी आसू दे न्हाईतर पोरगा. कौल झालाय नव्हं? दुसऱ्या शाळंत पाय ठेवायचा न्हाई."

मी म्हटलं, "आबा, तो कौल चौथीपर्यंतचा होता."

"तवा तसं म्हणला न्हाईत."

"शाळाच चौथीपर्यंत आहे! पुढं शिकायचं कुठं?"

"मग शाळा वाढवा की. तुमच्यात धमक हाय. साहेबाला पळवून लावलात तुमी."

"ते जाऊ दे. परत कौल लावा. नवा प्रश्न विचारू. मी शब्द बांधून देते."

आबा मान हलवत राहिले. त्यांच्याकडची रीत अशी होती की ज्या हातानं कौल घेतला तो हात जिवंत असेपर्यंत तो फिरवायचा नाही. म्हणजे आबा असेपर्यंत. मी सगळं करून बघितलं. रागावले, हात जोडले, देवाला काय शाळेतलं कळतं असंही बोलून गेले, तेव्हा बायका दचकल्या. मुलीचा बाप मान खाली घालून बसला होता. तो आबांपुढं बोलणाऱ्यातला नव्हता.

शेवटी आबांनी मला समोर बसवलं. ते म्हणाले, "बाई, माझी नात हाय ती. माझ्या पायावर खेळल्याली. पर माझ्या नातीसाठी मी कौल फिरिवला, तर उद्या वाडी काय म्हणंल? साहेब आल्ता तवा आपुन देव सांगितला. मग तो खोटाच व्हता व्हय?"

आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, त्यांनी एक वाट सांगितली. "लगीन झालं की ती ह्या वाडीची ऱ्हाणार न्हाई. मग तिला कौल लागत न्हाई."

मी ओसरीवरून उठले आणि खोलीवर गेले. मागं पेटीच्या कडीचा आवाज पुन्हा झाला. मुलगी आतून सगळं ऐकत होती. ती पेटी नंतर त्यांनी म्हशींच्या सरकीसाठी वापरली.

मग मी आबांचं तेवढं एक ऐकलं, शाळा वाढवायला निघाले. पाचवीचा वर्ग द्या, असा प्रस्ताव घेऊन साताऱ्याला खेटे घातले. एका मुलीसाठी वर्ग मिळत नसतो, असं तिथं मला वेगवेगळ्या टेबलांवर सांगण्यात आलं. एक साहेब म्हणाले, "बघू." मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. चहाचा कप उडाला. त्यानंतर तो विषय निघालाच नाही.

तरी एक वर्ष मी तिला पाचवी शिकवली. पुस्तकं खालच्या शाळेतून आणली. ती सकाळी म्हशी लावून यायची आणि व्हरांड्यात, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसायची. तिचं नाव कुठल्या हजेरीत नव्हतं, परीक्षा नव्हती, निकाल नव्हता. पण शिकवण्यातलं सुख काय असतं हे मला विचाराल तर मी ते वर्ष सांगेन. अपूर्णांक तिनं खव्याच्या कढईवरून समजून घेतले. दूध आटत आटत किती उरतं ते ती रोज बघत होती. भूगोलात नदीचा उगम आला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पठारावरचं पाणी पण कराडला जातं का?" मी म्हटलं, जातं. "म्हंजी पाण्याला कौल न्हाई," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

तिच्या आईनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं होतं. एकदा पाणवठ्यावर म्हणालीच, "बाई, तुमच्याच तोंडानं बांधलं त्ये. आमाला काय ठावं, कुठल्या शब्दात काय आडकंल."

मी तिथल्या तिथं भांडले. शाळा कुणी वाचवली, पोरीला अक्षर कुणी दिलं, सगळं काढलं. तिनं हंडा उचलला आणि गेली. मी जिंकले, असं त्या वेळी वाटलं होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, माझ्याच मुलखात, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. बदली मी मागितली नव्हती, यादीत आली. निघताना मुलीनं एसटीपर्यंत माझी पिशवी आणली. मी तिला म्हटलं, नवे गुरुजी येतील, त्यांच्याकडून सहावी शिकून घे, सोडू नकोस. नव्या गुरुजींनी पटावर नसलेल्या मुलीला बसवून घेतलं नाही. त्यांचं नियमानं बरोबर होतं.

नंतरचं मला तुटक तुटक कळत गेलं. आबा एका हिवाळ्यात वारले. देवाची पूजा मुलीच्या बापाकडे आली. तोच बाप, मान खाली घालून बसलेला. तेव्हा त्याचा धाकटा मुलगा चौथी झाला होता. बापानं कौल लावला. शब्द काय बांधले मला माहीत नाही, पण पोरांनी पुढं शिकायला खाली जावं का, असंच काहीतरी विचारलं असणार. उजवा मिळाला. मुलगा कराडला गेला. त्याच्यामागून वाडीतली बाकीची पोरंही गेली. आज तो कॉलेजात आहे. सगळे आनंदानं सांगतात.

ती मोठी मुलगी तेव्हा म्हशीमागं होती. शाळेत घालायच्या वयाची ती राहिली नव्हती, असं त्यांना वाटलं. तिच्यासाठी कुणी काही विचारलंच नाही. माझा राग आहे तो इथं आहे. देवाचं मी समजू शकते, आबांचंही. पण ज्या दिवशी गाठ सुटली त्या दिवशी, ज्या पोरीला पहिली बांधली तिची आठवण एकालाही होऊ नये?

कायद्याचं वय होताच तिचं लग्न झालं, कराडमध्ये. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला. हे मला वाडीवरच्या एका बाईनं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "बघा, कराडला जायचं तिच्या नशिबातच व्हतं." मी फोन ठेवून दिला.

या वर्षी एका नातेवाइकाच्या कामानं मी कराडला उतरले होते. संध्याकाळची भाजी घेत होते, तर शेजारून आवाज आला. कुणीतरी मेथीवाल्याशी हुज्जत घालत होतं. तो म्हणत होता, "बघू मावशी, जरा येळानं देतो." आणि ती म्हणाली, "बघू न्हाई. दिली म्हणा. हे चार जण ऐकत्यात." मी मान वळवली. कडेवर मूल, अंगानं भरलेली, पण नजर तीच.

"बाई!" तिनं मेथी तशीच ठेवली आणि भर रस्त्यात वाकून पाया पडली.

घर कुठं विचारलं तर तिनं हात केला. त्याच वसतिगृहाच्या मागची गल्ली. रोज सकाळी मुली दप्तरं घेऊन तिच्या दारावरून जातात. एकीला तिनं परवा गणित सांगितलं म्हणे, दारात उभं राहून. अपूर्णांकांचंच.

माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरायला लागली. मी म्हटलं, "बाहेरून परीक्षेला बसता येतं. वयाची अडचण नाही. पुस्तकं मी आणते, फॉर्म मी भरते, तुझ्या घरातल्यांशी मी बोलते. तू आता वाडीची राहिली नाहीस. कौल सुटला तुझा."

ती हसली. "व्हय, तो सुटला. पर हितला देव येगळा हाय, बाई." तिनं डोळ्यांनी गल्लीकडं, सासूच्या घराकडं खुणावलं. मग मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मेथीवाल्यानं जुडी पुढं केली, ती तिनं पिशवीत टाकली.

"मग बसतेस ना परीक्षेला?" मी विचारलं.

"बघू, बाई," ती म्हणाली.

चार माणसं होती भोवती. मेथीवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती, मी होते. तिच्याकडून 'बसते' म्हणवून घ्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. आयुष्यभर मी तेच केलं आहे. पण तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. ती गल्लीत वळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, आणि मेथीवाला मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला की बाई, तुमाला काय देऊ.